सर्जाच्या पाठीवरची गोम

सर्जाच्या अंगावर केस किती, हे कुणी कधी मोजलं नव्हतं. त्याच्या आईनं, त्या कपिलेनं, जन्मताच त्याला जिभेनं चाटून काढलं. ठकुबाईनं सात वर्षं त्याच्या अंगावरून हात फिरवला. पण मोजायचं दोघींच्याही मनात आलं नाही. ते काम झालं ताथवड्यात, एका काचेच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर. आकडा निघाला एकवीस लाख चाळीस हजार. त्यातला प्रत्येक केस वेगळा हलणार होता, प्रत्येकावर ऊन वेगळं पडणार होतं, आणि सर्जा पळायला लागला की वारा प्रत्येकाची वेगळी विचारपूस करणार होता.

कंपनी गेम बनवणारी, गेम बैलगाडा शर्यतीचा, आणि स्नेहल तिथं जनावरांच्या केसांच्या विभागात. राहायला रहाटणीत. मुलगी काय काम करते असं कुणी विचारलं की तिची आई सांगायची, "कॉम्प्युटरवर बैलं विंचरते." ऐकणाऱ्याला वाटे, आई चिडून बोलते आहे. ती चिडूनच बोलायची, पण ते खरंही होतं.

धर्माजी हे स्नेहलचे सख्खे मामा, ठकुबाई मामी. चाकणच्या पुढं, आंबेठाण रस्त्याला त्यांची वस्ती. एका अंगाला सुटे भाग बनवणारा कारखाना, दुसऱ्या अंगाला भलंमोठं गोदाम, आणि मधल्या पट्टीत, कंटेनर वळवायला जागा उरेल न उरेल एवढ्यात सर्जाचा गोठा. धर्माजींनी बावीस वर्षं प्रेस मशीनवर काढली होती. शिफ्ट कुठलीही असो, सुटल्यावर आधी गोठा, मग चहा. सर्जा गाड्याच्या पुढच्या जोडीत पळायचा. त्याचा जोडीदार पाखऱ्या, तो शेजारच्या गावच्या अर्जुनरावांचा. बैल दोन घरचे, पण चार वर्षं एका जुवाखाली. ठकुबाई वैरण टाकताना म्हणायची,

*माझ्या सर्जाच्या खांद्याला, पाखऱ्याचा खांदा भिडं*
*दोन हिरींचं ग पानी, एका पाटानं ग दौडं*

माघात स्नेहल आणि तिचा टीम लीडर कुलदीप कॅमेरे, स्टँड, दिवे घेऊन गोठ्यात आले. कुलदीप थेरगावचा, जुन्या शेतकरी घरातला. त्याच्या पणजोबांकडं आठ बैल होते, असं तो सारखं सांगायचा. मात्र सर्जानं मान हलवली की दोन पावलं मागं सरायचा.

"काका, ती पाठीवरची झूल काढावी लागेल."

"न्हाई," धर्माजी म्हणाले.

"दहा मिनिटं फक्त."

"उघड्या पाठीचा फोटो काडला की दिष्ट लागते. डोकं काढा, पाय काढा, शेपटी काढा. पाठ न्हाई मिळायची."

कुलदीपनं स्नेहलकडं बघितलं. "मामा तुझे आहेत. तू बोल."

स्नेहल मामांना ओळखून होती. "राहू दे," ती म्हणाली. "झुलीखालची पाठ यंत्र भरून काढेल."

"भरून काढंल म्हंजे?" धर्माजींनी विचारलं.

"मामा, आता सगळं चित्र कुणी काढत बसत नाही. थोडं खरं दाखवायचं, त्यावरून बाकीचं यंत्र ओळखतं. आता कॉम्प्युटरमध्ये चित्र काढणारी नवी कार्डं येतायत ना, त्यांत तर दहा ठिपक्यांतला एक ठिपका काढलेला असेल. बाकी नऊ ओळखलेले."

"आन लोकांच्या ध्यानात येत न्हाई?"

"आलं तर आमच्या नोकऱ्या जातील."

ठकुबाई पदरात तोंड दाबून हसली. "आमच्या येळंला पोरगी बगायला यायचे तसंच की ग. तोंड दावायचं, बाकी अंदाज."

झूल पाठीवर तशीच राहिली. सर्जाचे नऊशे फोटो निघाले. जाताना स्नेहलनं त्याच्या कपाळाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला, ते मात्र कुठल्या कॅमेऱ्यात आलं नाही.

चैत्र लागला. गावच्या यात्रेला पंधरा दिवस उरले होते, तेव्हा गेमची जाहिरात मोबाइलवर आली. दीड मिनिटाची. धुरळ्यातून सर्जा येतो, उन्हात त्याची कातडी लकाकते, नाकपुडीच्या कडेला ओल दिसते, डोळ्यात अख्खा घाट दिसतो. शर्यतीचा जो चढाचा लांब पट्टा, त्याला आमच्याकडं घाट म्हणतात. चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, गोदामाच्या गेटवर, जो तो तेच बघत होता. धर्माजींनी ती जाहिरात इतक्यांदा पाहिली की मोबाइल तापला. "आसाच हाय," ते ठकुबाईला म्हणत होते. "आगदी आसाच. शेजारी ठिवला तर शेन कोन टाकतो त्यावरनंच वळखावा लागंल."

तिसऱ्या दिवशी सकाळी अर्जुनराव आले. चहा नको म्हणाले. ते चहाला नको म्हणाले, तेव्हाच ठकुबाई हातातलं काम टाकून दाराशी आली.

त्यांनी मोबाइल पुढं केला. जाहिरात एका जागी थांबवली होती. सर्जा वळतो, पाठ एक क्षणभर उन्हात येते, तिथं. अर्जुनरावांनी दोन बोटांनी चित्र ताणलं, आणखी ताणलं. गंमत अशी की चित्र फाटलं नाही, फुटलं नाही. जितकं ताणावं तितके केस दिसत गेले. आणि वशिंडाच्या मागं, पाठीच्या कण्यावर, टीचभर जागेत केस उलटे फिरले होते.

"ही काय हाय?" अर्जुनरावांनी विचारलं.

धर्माजींनी चष्मा लावला, काढला, परत लावला. बैलाच्या पाठीवर केस मानेकडून शेपटीकडं जातात. त्यात एखादी रेघ उलट दिशेनं उठलेली असली, तर ती किड्यासारखी दिसते, म्हणून तिला गोम म्हणायचं. गोमेचं तोंड डोक्याकडं असेल तर ती सुलटी. घरात लक्ष्मी आणते. तोंड शेपटीकडं असेल तर उलटी. ती जोडीदाराला खाते. बैलबाजारात लोक आधी बैलाचे दात बघतात, मग पाठ.

"उलटी गोम," धर्माजींच्या तोंडून गेलं.

"चार वर्सं माझा पाखऱ्या ह्याच्या खांद्याला खांदा लावून पळतोय. मागल्या साली त्याचा खूर दुखावला. पोळ्याला चारा टाकंना. मी म्हनलं, नजर लागली आसंल."

"अर्जुनराव, सर्जाला गोम न्हाई! चला, दावतो."

दोघं गोठ्यात गेले. धर्माजींनी झूल ओढून काढली. त्या क्षणी त्यांना दिष्ट आठवली नाही, काही आठवलं नाही. अर्जुनरावांनी वाकून पाहिलं, उन्हाच्या अंगानं पाहिलं, सावलीच्या अंगानं पाहिलं.

"न्हाई दिसत," ते म्हणाले.

"मग? न्हाईच म्हनून दिसत न्हाई."

"मला दिसत न्हाई, धर्माजी. एका डोळ्याचं आपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. तिकडं त्या कॅमेऱ्याला डासाची तंगडी दिसती. कुनाचं खरं धरू, तूच सांग."

अर्जुनरावांनी वहाणा घातल्या आणि जाता जाता विचारलं, "येवडंच सांग. ते फोटो काडत हुते तवा झूल का न्हाई काडू दिलीस?"

याला उत्तर होतं. पण ते आता कुणाला सांगण्यासारखं राहिलं नव्हतं.

दोन दिवसांत निरोप आला. यात्रेला पाखऱ्याच्या जोडीला दुसरा बैल घेणार. सर्जाला आता कुणीच जोडीला घेईना. उलट्या गोमेच्या शेजारी आपला बैल कोण जुंपेल? यात्रा गावची, घाट गावचा, आणि सर्जा त्या दिवशी दावणीला राहणार. धर्माजींना जेवण जाईना. सर्जा खात होता. त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

धर्माजी ताथवड्याला गेले. डांगे चौकात बस बदलली, काचेच्या इमारतीत गळ्यात पाहुण्याची पट्टी अडकवून घेतली, आणि सहाव्या मजल्यावर भिंतीएवढ्या पडद्यावर सर्जा उभा दिसला तेव्हा त्यांच्या तोंडून आपसूक "हो, हो, राजा" निघालं. पडद्यावरच्या सर्जानं कान टवकारला. तो दर चार सेकंदांनी टवकारायचाच, पण हे धर्माजींना ठाऊक नव्हतं. त्यांना भरून आलं.

स्नेहलला सगळं ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मामा, ती गोम सर्जाची नाहीच. यंत्राला हजारो बैलांचे फोटो दाखवून शिकवलंय. झुलीखाली काय असेल ते त्यानं त्यातूनच उचललं. त्यातल्या कुणाच्या तरी पाठीवर असणार."

"म्हंजे दुसऱ्याच्या बैलाचं पाप माझ्या बैलाच्या पाठीवर लिवलं."

"चुकून."

"सटवाईबी चुकूनच लिवत आसंल मग. काढ ती."

कुलदीप खुर्ची ओढून जवळ आला. "काका, टेन्शन नका घेऊ. पण खरं सांगू का? वरच्या लोकांना तेच सगळ्यात जास्त आवडलंय. म्हणाले, इतकं बारीक काम अजून कुणाच्या गेममध्ये नाही. मागच्या गेममधले बैल आठवतात ना? साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत. तेव्हा एकानं तरी तक्रार केली का?"

"न्हाई केली," धर्माजी म्हणाले. "त्या वडीला कोन जोडीला मागत हुतं?"

कुलदीपनं तक्रारीचा फॉर्म उघडला. तक्रारीचा विषय: सर्जाची गोम. दोषाचा प्रकार म्हणून जे पर्याय होते, त्यांतला त्यातल्या त्यात जवळचा निवडला: 'फक्त दिसण्यापुरता'. तातडी: 'कमी'.

"भावा, कमी काय?" स्नेहल भडकली. "तिकडं माझ्या मामाचं घर जेवत नाहीये."

"अगं, 'जास्त' टाकलं की तीन जणांच्या सह्या लागतात. 'कमी' टाकलं तर तू गुपचूप करू शकतेस."

स्नेहलनं ते गुपचूप केलं. त्या टीचभर जागेतले एकवीसशे केस एकेक करून सुलट विंचरले. आईला हे सांगितलं असतं तर तिनं कपाळाला हात लावला असता. चौथ्या दिवशी नवी जाहिरात आली. सर्जा वळला, पाठ उन्हात आली, आणि पाठ आरशासारखी स्वच्छ.

गावानं ती ताणून ताणून पाहिली.

"काडून घेतली बग," टपरीवर एक जण म्हणाला. "भाची हाय ना तितं."

"नसती तर काडली आसती का?" दुसरा म्हणाला. यावर तिसऱ्यानं मान डोलावली, आणि प्रश्न मिटला.

अर्जुनरावांनी एवढंच म्हटलं, असं धर्माजींच्या कानावर आलं: "आदी झाकली, मग पुसली."

आता स्नेहलनं शेवटचा उपाय काढला. कंपनीनं आपल्या कागदावर लिहून द्यावं, की यंत्राची चूक झाली, खऱ्या बैलाला गोम नाही. अर्ज कायदा विभागात गेला. तिथून पत्र आलं, शिक्क्यासकट. धर्माजींनी ते ओसरीवर बसून ठकुबाईला वाचून दाखवलं.

"'सदर खेळातील सर्व बैल काल्पनिक असून, कोणत्याही जिवंत अथवा मृत बैलाशी त्यांचे साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा.'"

"म्हंजे काय म्हनतात?"

"म्हनतात, आपल्या सर्जाशी त्यांची वळख न्हाई."

"आन ते केस मोजले ते?"

"योगायोग." धर्माजींनी पत्राची घडी घातली. "एकवीस लाख चाळीस हजार योगायोग."

ठकुबाई उठली आणि सर्जापुढं पेंड ठेवून आली. कारखान्याचा भोंगा वाजला, पहिली शिफ्ट सुटली, बसेस धुरळा उडवत गेल्या, आणि सर्जा तो धुरळा हुंगत उभा राहिला. त्याला धुरळा म्हटलं की घाटच आठवायचा.

यात्रेच्या आदल्या दिवशी अर्जुनरावांनी सराव ठेवला होता. पाखऱ्याच्या जोडीला उसना आणलेला बैल चांगला होता, उंच, देखणा, वशिंड मंदिराच्या कळसासारखं. पाखऱ्यानं त्याला हुंगलं आणि खाली बसला. उठवला, परत बसला. शेपटी पिळली, हाका मारल्या, गूळ दाखवला. पाखऱ्यानं गूळ खाल्ला आणि बसूनच राहिला. अख्ख्या पंचक्रोशीनं ती जाहिरात पाहिली होती, फक्त पाखऱ्यानं पाहिली नव्हती.

यात्रेच्या सकाळी अर्जुनराव गोठ्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. धर्माजींकडं न बघता, गोदामाच्या पत्र्याकडं बघत म्हणाले, "सर्जाला आन."

धर्माजी दावं सोडायला धावलेच.

"थांब. एक अट हाय. आपला गाडा पळंल त्या बारीला मोबाइल न्हाई पायजे. कुनी फोटो काडायचा न्हाई, व्हिडिओ न्हाई. जे काय व्हायचं ते आपल्यात व्हईल. परत कुठं काय दिसायला नको."

"मंजूर," धर्माजी म्हणाले. त्या वेळी अर्जुनरावांनी सर्जाचं शिंग मागितलं असतं तरी ते मंजूर म्हणाले असते.

घाटावर तोबा गर्दी. भोंग्यावर पिंटू. पिंटू एरवी गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, पण यात्रेत त्याचा आवाज दोन गावं ओलांडतो. "ऐका, ऐका, मंडळी! ही बारी अर्जुनराव आन धर्माजी यांची! मालकांची इच्छा हाय, समद्यांनी मोबाइल खाली ठेवा! ओ लाल टोपी, तुमाला येगळं सांगायचं का? खिशात घाला राव, बैल पळून जात न्हाई! म्हंजे पळनार हाय, पर तुमी बगा तरी!"

हसत हसत मोबाइल खाली गेले. स्नेहलही आली होती. तिचा हात सवयीनं खिशाकडं गेला आणि परत आला. मग तिला ते दिसलं, जे नऊशे फोटोंत तिला दिसलं नव्हतं. जुवाखाली गेल्याबरोबर सर्जाच्या खांद्याची कातडी थरथरली, आणि पलीकडं पाखऱ्याच्याही तीच थरथर, जसा एका घरातला कंदील लागावा आणि दुसऱ्या घरातली भिंत उजळावी. पाखऱ्यानं मान वळवून सर्जाचा कान चाटला. भंडारा उधळला. "सोडाऽ" झालं.

पुढचं सांगता येण्यासारखं नाही. धुरळा उठला, धुरळ्यात दोन रंग एक झाले, खुरांचा आवाज छातीत आला आणि छातीतून पायांत उतरला. ठकुबाई कठड्याला धरून उभी होती, आणि तिच्या तोंडून पहिल्यांदा नुसता श्वास, मग हसू, मग कसलासा हुंदका निघाला. वर निशाण पडलं. पिंटूचा आवाज फाटला. "अकरा सेकंद, तेरा पॉइंट! घाटाचा राजा! झाली, झाली, झाली!"

या घाटावर एवढ्या कमी वेळात कुणीच पळालं नव्हतं.

घाम निथळणाऱ्या बैलांना फिरवत दोघं मालक बाभळीखाली आले. सर्जाचं दावं अर्जुनरावांच्या हातात होतं आणि पाखऱ्याचं धर्माजींच्या, ते कधी बदललं दोघांनाही कळलं नाही. लोक गोळा झाले. अर्जुनराव सर्जाच्या पाठीवरून हात फिरवत होते, मानेकडून शेपटीकडं, शेपटीकडून मानेकडं.

"धर्माजी," ते हळूच म्हणाले, "मी इचार केला. उलट्या गोमेचा बैल आसा पळंल का?"

"न्हाई पळायचा," धर्माजींचा जीव हलका झाला. "मी पयल्या दिसापास्नं सांगतोय, त्याला गोम..."

"सुलटी हाय ती."

"आं?"

"गोम सुलटीच हाय. आपनच मोबाइल उलटा धरला आसंल."

धर्माजींनी तोंड उघडलं. मोबाइल उलटा धरला असता तर बैलाचे पाय आभाळाला लागले असते, एवढं त्यांना कळत होतं. मुळात गोम नाहीच, हे त्यांना त्याहून जास्त कळत होतं. त्यांनी अर्जुनरावांकडं पाहिलं. त्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजेड होता. मग पाखऱ्याकडं पाहिलं. पाखऱ्या सर्जाच्या मानेवर मान टाकून उभा होता.

"व्हय," धर्माजी म्हणाले. "तसंच आसंल. माजा चष्माबी जुना हाय."

"मंडळी!" तेवढ्यात भोंग्यावर पिंटू. त्याच्यापर्यंत बातमी कशी पोचली देव जाणे. "आत्ताच कळलंय! घाटाचा राजा सर्जा, याच्या पाठीवर हाय सुलटी गोम! लाखात एक! साक्षात लक्ष्मी!"

लोक पाठीला हात लावायला पुढं सरले. कुणी म्हणालं, लागली हाताला. कुणी म्हणालं, मलाबी लागली. एका म्हातारीनं हात लावून बोटं डोळ्यांना लावली. लाल टोपीवाल्यानं धर्माजींना विचारलं, "खरंच हाय का हो?"

"हाय की," धर्माजी म्हणाले.

मग ते गर्दीतून वाट काढत स्नेहलजवळ आले. इकडंतिकडं बघून, आवाज उतरवून म्हणाले, "पोरी, रागावू नगंस. तुज्या त्या कॉम्प्युटरात ती गोम परत बसव."

"मामा!"

"फकस्त तोंड तेवढं डोक्याकडं फिरव."

स्नेहलनं मोबाइल काढून कुलदीपला निरोप लिहायला घेतला. सर्जाला नवा दोष, दिसण्यापुरता. तातडीच्या रकान्यापाशी ती थबकली, पलीकडं अर्जुनरावांनी ठकुबाईकडं स्वतःहून चहा मागितलेला तिनं ऐकला, आणि तिनं लिहिलं: 'जास्त. तिघांच्या सह्या मी आणते.'